अ.पा.क.

आमच्या बँकेत मी ज्या खिडकीमागे बसतो, त्या खिडकीवर गेली सहा वर्षं जिवंत माणसाचं काम निघालेलं नाही. पाटीवर 'इतर सेवा' असं मोघम लिहिलंय. पण ब्रँचमध्ये तिला 'यमाचं काउंटर' म्हणतात. खातेदार वारला की त्याचे वारस माझ्याकडे. हे टेबल मला देताना मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "तुमचा चेहराच त्या कामाचा आहे." मी बी.कॉम. आहे, सेकंड क्लास. तरीसुद्धा हे वाक्य जमेच्या बाजूला पोस्ट करायचं की नावेच्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या खिडकीवर माणूस फार शिकतो. एकदा एका काकूंना मी सवयीनं फॉर्मवरचं वाक्य वाचून दाखवलं, "खातेदाराने समक्ष हजर राहावे." काकू शांतपणे म्हणाल्या, "दहाव्याला पिंड ठेवून तासभर हाका मारल्या, तेव्हा आले नाहीत. इथं टोकन घेऊन कुठले येतायत!"

सगळ्यांत मोठा घोळ असतो तो नॉमिनीचा. नॉमिनी म्हणजे मालक, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. नॉमिनी म्हणजे आरतीनंतर प्रसादाचं ताट धरून उभा राहतो तो माणूस. ताट त्याच्या हातात, प्रसाद सगळ्यांचा. आयुर्विम्याच्या बाबतीत हे सुप्रीम कोर्टानं १९८३ सालीच सांगून ठेवलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सांगितलं ते डिसेंबर २०२३ मध्ये. आणि तो खटला कोणाच्या मिळकतीवरून निघालेला होता? तर 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकरांच्या! म्हणजे ज्यांच्या कॅलेंडरकडे बघून आपण एकादशी, सुट्ट्या आणि दूधवाल्याचे खाडे ठरवतो, त्यांच्या मागेसुद्धा नॉमिनी मोठा की वारस मोठा हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. जयंतरावांनी तर मृत्युपत्र करून ठेवलेलं होतं. मग तुमची-आमची काय कथा? आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला एका ऐवजी चार नॉमिनी लावता येतात. म्हणजे ताट धरायला चौघं. योगायोगानं शेवटच्या प्रवासालाही चौघंच लागतात.

हे ज्ञान मी रोज लोकांना फुकट वाटत असे. "काका, मृत्युपत्र करून ठेवा. साधा कागद चालतो. स्टँप लागत नाही. दोन साक्षीदार पुरतात." काका मान डोलावून जात आणि पुढच्या वर्षी काकू येत. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं होतं. खुद्द आमच्या घरात अण्णांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं आणि करायला तयारही नव्हते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात अडतीस वर्षं मशीनवर उभे राहिले. २००३ साली कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण ते अण्णांना कळवूनही त्यांनी मान्य केलेलं नाही. त्यांच्या नावावर चिंचवडगावात एक दुमजली घर. वर आम्ही राहतो, खाली एक गाळा, तो पंपदुरुस्तीवाल्याला भाड्यानं. शिवाय चाकणजवळ वडिलोपार्जित एकतीस गुंठे जमीन. पूर्वी तिथं कांदा व्हायचा. नंतर शेजारच्या प्लॉटवर एका कंपनीचं गेट झालं आणि तेव्हापासून त्या जमिनीत नातेवाईक उगवायला लागले.

अण्णांना मुलं तीन. थोरली ताई, तळेगावला दिली. मधला मी. धाकटा बापू. बापू एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि आठ वर्षांचाही आहे. त्याला पीएमटीच्या जुन्या बसचे सगळे नंबर पाठ आहेत. पण शंभराची नोट दिली तर उरलेले पैसे मोजता येत नाहीत. आई होती तोपर्यंत बापूचा प्रश्न नव्हता, आई होती. आई गेली आणि रात्री दिवा मालवल्यावर अण्णांच्या खाटेचा कुरकुर आवाज वाढला. अण्णा कूस बदलत कशाचा विचार करतात हे मला कळायचं. बोलायचं मात्र कुणी नाही.

शेवटी एकदा मीच म्हटलं, "अण्णा, मृत्युपत्राचं बघायला हवं."

अण्णांनी पेपर खाली केला. "का? तुमच्या खिडकीवर धंदा कमी झालाय?"

"तसं नाही अण्णा, पण—"

"मला घाई नाही. तुला असली तर तू कर तुझं."

आमची सौ. आतून म्हणाली, "अण्णा, चहा ठेवू?" आमच्या घरात वाद मिटवायची ही पद्धत आहे. पुढं पाऊण वर्ष आम्ही चहा पीत होतो.

मग मी युक्ती काढली. अण्णांना इतिहासाचं वेड. शिवचरित्र म्हटलं की त्यांना जेवणाची आठवण राहत नाही. म्हटलं, कायद्यानं ऐकत नाहीत तर इतिहासानं ऐकतील. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली आणि रोज रात्री एकेक मासला पुढं करू लागलो.

पहिल्या रात्री शहाजीराजे काढले. शहाजीराजे वारले जानेवारी १६६४ मध्ये. वडिलांच्या दौलतीतल्या वाट्याबद्दल शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे समोरासमोर बसले ते १६७७ साली, कर्नाटकच्या मोहिमेत. मधे तेरा वर्षं गेली. "बघा अण्णा," मी म्हटलं, "एवढे थोर पुरुष! त्यांच्या घरात वाटणीचा प्रश्न तेरा वर्षं लोंबकळला, मग आपल्या घरात?"

अण्णा म्हणाले, "महाराजांनी त्या तेरा वर्षांत काय काय केलं, ते वाच. वाटणीसाठी बसून राहिले नाहीत."

दुसऱ्या रात्री साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे. चुलतभाऊ. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले १७०७ साली आणि दोन्ही घरांची हद्द पक्की लिहिली गेली ती १७३१ च्या वारणेच्या तहात. चोवीस वर्षांनी. मी म्हटलं, "तह म्हणजे दुसरं काय अण्णा, रजिस्टर केलेलं वाटणीपत्रच."

अण्णा म्हणाले, "तेच म्हणतोय. वाटणीपत्र. मृत्युपत्र नव्हे. जिवंत माणसांनी बसून केलं."

तिसऱ्या रात्री मी हुकमाचं पान टाकलं. हेच शाहू महाराज १७४९ साली आजारी पडले. पोटी पुत्र नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं दोन याद्या लिहून दिल्या. राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, कोल्हापूरकरांना गादीवर आणू नये, असा त्यांचा आशय. त्यानंतर १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज वारले. "मराठी दौलतीतलं हे सगळ्यांत गाजलेलं मृत्युपत्र!" मी विजयानं म्हटलं.

"आणि पुढं काय झालं?" अण्णांनी विचारलं.

पुढं काय झालं हे मी मुद्दाम वाचून दाखवलं नव्हतं. ताराराणींनी 'हा माझा नातू' म्हणून पुढे केलेल्या रामराजांना गादीवर बसवलं. वर्ष उलटायच्या आत, नोव्हेंबर १७५० मध्ये, त्याच ताराराणींनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं आणि हा माझा नातूच नव्हे असं जाहीर केलं.

"म्हणजे," अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "न करून भांडण आणि करूनही भांडण. मग कागद कशाला फुकट घालवा?"

मला एम.कॉम. करायला हवं होतं.

तरी मी चिकाटी सोडली नाही. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, की अण्णांच्या हट्टामागे पाचशे-हजार वर्षांची पुण्याई आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र असं प्रकरणच नाही. असणार कसं? एकत्र कुटुंबात मुलगा जन्मला की जन्मतःच वाटेकरी. बाप म्हणजे मालक नव्हे, पंगतीत वाढायला उभा राहिलेला यजमान. ज्यात सगळ्यांचे हिस्से आहेत, ते मरताना एकट्यानं देऊन टाकणार कसं? मूल नसेल तर दत्तक घ्यावं, असेल तर वाटणी करावी. मरणोत्तर हुकूम सोडायची सोय आपल्याकडे रुजली ती इंग्रजी अमदानीत. १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा झाला, तो बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरता. मुंबईच्या माणसानं मृत्युपत्र लेखी करायचं, सही करायची, दोन साक्षीदार घ्यायचे. चिंचवडचा माणूस मात्र खाटेवर पडून तोंडी सांगून गेला तरी चालत होतं. हा भेदभाव १ जानेवारी १९२७ ला संपला. त्या दिवसापासून चिंचवडकरालाही मरायच्या आधी सही करणं आलं.

आणि इंग्रजी शिकलेल्यांनीही काय दिवे लावले? कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर. स्वतः निष्णात वकील. एकुलता एक मुलगा ख्रिस्ती झाला म्हणून त्याला वगळून त्यांनी मृत्युपत्र केलं. त्यात विश्वस्त नेमले, आणि इस्टेट आधी अमक्याला, मग त्याच्या वंशाला, मग तमक्याला, अशी अजून जन्माला न आलेल्यांचीसुद्धा रांग लावून ठेवली. १८६८ साली ते वारले. मुलानं दावा लावला तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७२ साली निकाल लागला. स्वतःचा वेगळा वारसाक्रम तुम्हाला निर्माण करता येत नाही. जे जन्मलेच नाहीत त्यांना देता येत नाही. रांग मोडली. गंमत म्हणजे त्याच मृत्युपत्रात त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला कायद्याच्या व्याख्यानांसाठी देणगी ठेवली होती. ती व्याख्यानमाला नामांकित झाली, आणि त्यांचं मृत्युपत्र म्हणजे वकिलीच्या विद्यार्थ्यांचा कायमचा धडा झाला.

हे ऐकून अण्णांना फार आनंद झाला. ते म्हणाले, "बघ! वकिलाचं ही गत."

मग मी टाटांवर आलो. म्हटलं, "तुम्ही अडतीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लंत, त्यांचं तरी ऐका. सर रतन टाटा १९१८ साली वारले, त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ साली ट्रस्ट झाला. त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी. त्यांनी १९३२ च्या मार्चमध्ये आपली संपत्ती ट्रस्टला दिली आणि जूनमध्ये ते वारले. आज टाटा सन्सचा दोन-तृतीयांशाच्या आसपास हिस्सा ट्रस्टांकडे आहे. म्हणजे तुम्ही मशीनवर घाम गाळत होता, त्यातला काही हिस्सा शेवटी दवाखान्यांना आणि शिष्यवृत्त्यांना जात होता."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं, पाघळले. मग म्हणाले, "त्यांच्याकडे काय होतं आणि माझ्याकडे काय आहे? एक गाळा. पंपदुरुस्तीचा. त्याचा ट्रस्ट करू? 'अण्णा ट्रस्ट'?"

बापू जोरात हसला. त्याला 'अण्णा ट्रस्ट' हे बसचं नाव वाटलं असावं.

या सगळ्यात मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. ती इथं सांगून टाकतो, कारण हिशेबात लबाडी केली की ताळेबंद जुळत नाही. माझ्या कपाटात, बँकेच्या डायरीत घडी करून, हक्कसोडपत्राचा एक मसुदा ठेवलेला होता. ताईचा. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. २०२० साली सुप्रीम कोर्टानं राहिलेल्या शंकाही फेडल्या. म्हणजे चाकणच्या जमिनीत ताईचा हिस्सा माझ्याइतकाच. हे मी खिडकीवर दहा जणांना समजावून सांगितलंय. पण स्वतःच्या घरात मात्र मी विचार केला, ताईचं बरं चाललंय, बापूचं मलाच बघायचंय, तर भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर हळूच सही घेऊ. ओवाळणी घालायची आणि जमीन उचलायची! आपल्याकडे हा सौदा इतक्या घरांत होतो, की त्याला सौदा म्हणायची पद्धत नाही. त्याला 'बहिणीचं मन मोठं आहे' असं म्हणतात. मागच्या भाऊबीजेला डायरी मी हातात घेऊन बसलोही होतो. ताईनं ओवाळलं, निरांजनाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला, ती आईसारखी दिसली, आणि मी डायरीतून नुसतंच पेन काढून परत ठेवलं. धैर्य झालं नाही. सद्बुद्धी झाली असं म्हणवत नाही.

आता मुद्द्याकडे येतो.

संकष्टीला अण्णा आणि बापू मोरया गोसावींच्या समाधीला जातात. त्या दिवशी मीही गेलो. पवनेच्या काठी बापू ठरलेल्या पायरीवर बसला. अण्णा आणि मी बाजूला टेकलो. समोर 'गणपती बाप्पा मोरया'मधले ते मोरया. सगळा महाराष्ट्र ज्यांचं नाव घेतो, ते आमच्या गल्लीच्या टोकाला आहेत.

मी सहज म्हटलं, "अण्णा, या देवस्थानची मिळकत एवढ्या वर्षांत वाटली कशी गेली नाही?"

अण्णा खुलले. त्यांच्या गावचा इतिहास. मोरया गोसावींच्या वंशातल्या पुरुषांना गणपतीचाच अंश मानत. त्यांचे चिरंजीव चिंतामणी महाराज. तुकोबांनी त्यांना देव म्हटलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं, अशी आख्यायिका. पुढचे नारायण महाराज. त्यांच्यासमोर औरंगजेबानं झाकलेल्या ताटात मांस पाठवलं, ताट उघडलं तर जाईची फुलं, आणि बादशहानं आठ गावं इनाम दिली, हीही आख्यायिका. एडवर्ड मूर नावाचा इंग्रज कॅप्टन १८०० साली चिंचवडला येऊन गेला आणि त्यानं 'वंशपरंपरेचा जिवंत देव' म्हणून या घराण्यावर लेख लिहिला. आणि १८१० साली सातवे देव, धर्मधर महाराज, निपुत्रिक वारले.

"मग?" मी विचारलं. खिडकीवरची सवय. निपुत्रिक म्हटलं की माझा हात आपोआप फॉर्मकडे जातो.

"मग काय! देवाची पूजा, अन्नदान, मोरगावची पालखी, सगळं त्या गावांच्या उत्पन्नावर. ते बंद पडू नये म्हणून मंडळींनी दूरच्या नात्यातल्या एकाला गादीवर बसवलं. माणूस बदलला. मिळकत देवाचीच राहिली."

आज चिंचवड देवस्थान ट्रस्ट आहे. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेकची व्यवस्थाही तोच पाहतो. सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा, धर्मादाय आयुक्त, विश्वस्त, सगळं रीतसर. पण युक्ती जुनी. मिळकत अशाच्या नावे करायची, की जो मरत नाही, लग्न करत नाही, आणि ज्याला मेव्हणे नाहीत.

मी अण्णांना कलकत्त्याच्या मलिकांचा खटला सांगितला. घरच्या देवाच्या पूजेच्या पाळ्या भावाभावांत वाटलेल्या. एक म्हणाला, माझ्या पाळीला मी देव माझ्या घरी नेणार. दुसरा म्हणाला, देव हलणार नाही. भांडण लंडनला. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं, अरे, देव म्हणजे तुमचं फर्निचर नव्हे. कायद्याच्या दृष्टीनं तोही एक व्यक्ती आहे. त्याला कुठं राहायचंय ते त्याच्या वतीनं बोलणारा त्रयस्थ माणूस नेमून विचारा. आणि खटला परत पाठवला.

"देवाच्या वतीनं दुसऱ्यानं कशाला बोलायचं?" अण्णा म्हणाले.

"देव स्वतः सही करू शकत नाही ना. म्हणून कायदा देवाला कायमचा अज्ञान समजतो."

अज्ञान हा शब्द कानावर पडताच मला लहानपण आठवलं. गावाकडचा सातबारा अण्णा मला मोठ्यानं वाचायला लावायचे. त्यात काही नावांपुढे 'अ.पा.क.' असं असायचं. अमका अ.पा.क. तमकी. मला वाटायचं हा अपाक नावाचा कोणी गडगंज जमीनदार आहे. कुठल्याही गावचा उतारा काढा, याचं नाव आहेच! पुढं कळलं, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मिळकत पोराची, पोर लहान, म्हणून सांभाळणारा दुसरा. त्याच्या नावावर काही नाही. त्याच्या अंगावर मात्र सगळं.

एवढ्यात पायरीवरून आवाज आला. आम्हाला वाटलं होतं, बापू नदीकडे बघतोय.

"दादा, देवाला कळत नाही?"

"कळतं रे. पण सही करता येत नाही."

"मला पण येत नाही." बापू जरा वेळ थांबला. "मग देवाचे पैसे कोण मोजतं?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पिशवीतून प्रसादाचा पुडा काढला आणि बापूच्या हातावर ठेवला. त्यांचा हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला. अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी बापू कायद्यानं सज्ञान झाला. देव हजारो वर्षं अज्ञान राहू शकतो. बापूला मात्र ती सवलत अठरा वर्षंच होती.

घरी येताना पुलावर अण्णा म्हणाले, "वकील माहितीतला आहे का कुणी?"

त्यानंतर पंधरा दिवस मी मसुदा लिहीत होतो. अकरा पानं झाली. त्यात 'सदरहू' हा शब्द चाळीस वेळा होता. वकीलसाहेबांनी तो वाचला, पाणी प्यायले, आणि दोन पानांचं मृत्युपत्र तयार केलं. जमिनीतला अण्णांना देता येईल तो फक्त त्यांचा स्वतःचा हिस्सा, बाकी आम्हा तिघांचे जन्मतःचे हिस्से; त्याला अण्णांना हात लावता येत नाही. घर स्वकष्टार्जित, ते पूर्ण त्यांचं. वरचा मजला मला, जमिनीतला हिस्सा तिघांना सारखा. खालचा गाळा आणि अण्णांच्या ठेवी मात्र ट्रस्टमध्ये. आपल्याकडे खाजगी विश्वस्तांचा कायदा १८८२ पासून आहे. मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करता येतो. तो सुरू होईल अण्णांच्या मागे. भाडं आणि व्याज बापूच्या खाण्यापिण्याला, औषधाला, बसच्या पासाला. बापूच्या नंतर जे राहील ते नातवंडांना. बापूचा कायदेशीर पालक नेमायला १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात समिती असते. तो अर्ज वेगळा, तोही भरला.

"विश्वस्त कोण?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मी खुर्चीत ताठ बसलो.

अण्णा म्हणाले, "दोघं. हा आणि याची ताई. पैसे काढायचे तर दोघांची सही. गाळा विकायचा नाही."

ऑफिसातून बाहेर पडलो तो माझं तोंड एवढंसं झालेलं. रिक्षात मी म्हटलं, "अण्णा, सत्तेचाळीस वर्षांचा झालो मी. बँकेत आहे. माझ्यावर विश्वास नाही?"

अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या बँकेच्या तिजोरीला किल्ल्या किती?"

"दोन."

"एक कुणाकडे?"

"मॅनेजरकडे."

"तो चोर आहे?"

मी गप्प. अडतीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला ड्युअल कस्टडीचं सर्क्युलर वाचावं लागत नाही.

मग थोड्या वेळानं, तितक्याच सहज आवाजात, "आणि त्या डायरीतला कागद फाडून टाक. दिवाळीत कपाट आवरताना मी पाहिलाय."

रिक्षा चापेकर चौकात सिग्नलला थांबली होती. मला वाटलं, सिग्नल हिरवा होऊच नये. हिरवा झाला की घर येणार आणि घरी ताई आलेली असणार. कागद मी त्याच रात्री फाडला. ताईला मात्र सांगितलं नाही. हे लिहितोय तेव्हा तिला कळेल.

सह्यांच्या दिवशी साक्षीदार दोन. आमचे डॉक्टर आणि शेजारचे निवृत्त हेडमास्तर. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते. करणाऱ्यानं सही केली हे पाहिलं आणि त्याच्यासमोर आपली केली की झालं. पण हेडमास्तरांच्या हातात लिहिलेला कागद आणि ते वाचणार नाहीत? त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, मगच सही केली. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदवलं. तिथं अण्णांचा फोटो काढला. अण्णा फोटोत हसले. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते हसलेले नाहीत.

ताईला विश्वस्ताचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, मला यातलं काय कळतं!" आणि लगेच विचारलं, "गाळ्याचं भाडं किती वर्षांत वाढवलं नाहीस?" मी उत्तर टाळलं. अण्णांची निवड बरोबर होती.

आता अण्णांच्या खाटेची कुरकुर थांबली आहे. तब्येत इतकी सुधारली आहे, की मृत्युपत्र हे टॉनिक म्हणून विकायला हरकत नाही. एकच पंचाईत झाली. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं तेच खरं, हे वकीलसाहेबांनी त्यांच्यादेखत सांगितलं. तेव्हापासून चहात साखर कमी पडली, की अण्णा पेपरआडून विचारतात, "वकिलाचा नंबर कुठं ठेवलाय रे?"

बापूनं सातबारा वाचायला शिकवायचा हट्ट धरलाय. परवा त्यानं वहीत पहिली नोंद स्वतः लिहिली. अक्षर वाकडं आहे. पण वाचता येतं. त्याचं नाव, पुढं अ.पा.क., आणि त्यापुढं ताईचं नाव, मग माझं. मी म्हटलं, "माझं दुसरं का रे?"

बापू म्हणाला, "ताई मोठी आहे ना."